दहापैकी दहा

आमच्या वादविवाद स्पर्धांत विषय आठवडाभर आधी कळतो आणि बाजू अर्धा तास आधी. टेबलावर दोन चिठ्ठ्या असतात, एक अनुकूल, एक प्रतिकूल. हाताला लागेल ती आपली. एकदा एका मुलीनं चिठ्ठी उघडली, तोंड पाडलं आणि म्हणाली, बाई, मला हे पटत नाही. मी म्हटलं, पटायला कोण सांगतंय, बोलायला सांगितलंय. सगळा वर्ग हसला. हा किस्सा मी एकतीस वर्षांत निदान शंभर वेळा सांगितला असेल, आणि दर वेळी लोक हसले. आता सांगत नाही.

मुलं मला मुद्देबाई म्हणायची. तोंडावर नव्हे, पण मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे माझं पहिल्या तासाचं पहिलं वाक्य. मग मी तिवई काढायची. समोरच्याला पटवायचं तर तीन पाय लागतात: बोलणाऱ्याची पत, बोलण्यातला तर्क आणि ऐकणाऱ्याची भावना. एक पाय आखूड असला तर तिवई डुगडुगते. मग दावा आणि पुरावा, आणि त्या दोघांना जोडणारा दुवा. दावा सगळे बघतात, पुरावा हुशार बघतात, दुवा कुणीच बघत नाही. म्हणून समोरच्याचा दुवा ओढून बघा, तुटतो का. हे सगळं मी शिकवलं. पोरांनी चषकांनी कपाट भरलं.

माझी धाकटी बहीण याच्या अगदी उलट. मी बोलायला लागले की थांबत नाही आणि ती बोलायलाच लागत नाही. आई म्हणायची, या घराच्या वाटणीचे सगळे शब्द थोरलीनंच खाल्ले. मी निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. ती बांधकामावर उंच क्रेन चालवते. चाळीस मीटर वर कपाटाएवढी केबिन, आत एक खुर्ची, दोन दांडे आणि तिचा पाण्याचा डबा. तिथवर पोचायला तिला नऊ वर्षं लागली. आधी सळ्या बांधणाऱ्यांच्या हाताखाली, मग परीक्षा, एकदा नापास, पुन्हा परीक्षा. खालची माणसं तिला वरच्या ताई म्हणतात. रोज सकाळी ती शिडी चढताना काय वाटतं असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मोकळं वाटतं." मला वाटतं, तिच्या तोंडून भावनेबद्दल ऐकलेलं ते एवढंच.

अपघात मंगळवारी झाला, दुपारी पावणेपाचला. सळ्यांचा जुडगा सहाव्या मजल्यावर उतरवायचा होता. तो फिरला, परांचीला धडकला आणि तिथं उभ्या असलेल्या सिग्नलमनच्या मांडीचं हाड मोडलं. सिग्नलमन म्हणजे मजल्यावर उभं राहून हातांनी खुणा करणारा माणूस. ऑपरेटरला वरून सगळं दिसत नाही, म्हणून त्याचे डोळे तेच तिचे डोळे. हा पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा माणूस तिच्याबरोबर पाच वर्षं होता. तिथला नियम झाडणाऱ्या बाईलासुद्धा पाठ असतो: खूण नाही तर हालचाल नाही, आणि खूण फक्त सिग्नलमनची. एका खुणेला मात्र अपवाद. हात आडवा, तळवा खाली आणि इकडून तिकडे हलवायचा, म्हणजे थांबा. ती कुणीही करावी, अगदी पाणी देणाऱ्यानं, आणि ती मानलीच पाहिजे.

कंपनीचं म्हणणं, ऑपरेटरनं खुणेशिवाय लोड फिरवला. तसं ठरलं तर धाकटीचा परवाना जाणार. सेहेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा हातात येणं म्हणजे गेलेली बस मागे फिरून येणं. उलट, खूण मिळाली होती असं ठरलं तर चूक सिग्नलमनची, आणि त्याचं कार्ड जाणार. अपघाताच्या संध्याकाळी ऑफिसातल्या कारकुनानं तिच्यापुढं नेहमीचा, सगळ्यांसाठी एकच असलेला छापील फॉर्म ठेवला होता. त्यावर आधीच छापलेलं होतं: सिग्नल मिळाल्यावर लोड हलवला. खाली सहीची जागा. तिनं सही केली.

त्या फॉर्मची प्रत तिनं मला आणून दिली. चौकशी पुढच्या शुक्रवारी, सोबत एक मदतनीस आणायची मुभा. मी चष्मा लावला, कागद वाचला आणि सांगते तुम्हाला, माझ्या अंगात वीस वर्षांची पोर संचारली. तो कागद माझ्यासाठी चिठ्ठी होता. अनुकूल बाजू आली होती, आता मुद्दे काढायचे.

तीन दिवस मी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. तिला शंभर प्रश्न विचारले. वारा किती होता, सळ्यांचं वजन किती, पट्टा कुणी बांधला, वॉकीटॉकी का नव्हता. त्याची बॅटरी तीन वाजल्यापासून मेली होती, म्हणून हातांच्या खुणांवर काम चाललं होतं. उत्तम, हेही टिपून घेतलं. मग मी तर्क बांधला, आणि तो इतका देखणा झाला की मी तो दोनदा मोठ्यानं वाचला. केबिनमध्ये बसल्यापासून हिनं खुणेशिवाय एकदाही लोड हलवलेला नाही, हा दुवा. त्या दिवशी लोड हलला, हा पुरावा. म्हणजे खूण मिळाली होती, हा दावा. पत आहे, तर्क आहे, आणि भावनेला नऊ वर्षांची शिडी आहे. तिवई पक्की.

धाकटी ऐकत होती. मधेच म्हणाली, "ताई, तो चांगला माणूस आहे गं." मी म्हटलं, माणसाबद्दल बोलतच नाही आहोत आपण, मुद्द्याबद्दल बोलतोय. माणसावर घसरणं हे हरणाऱ्याचं लक्षण. ती गप्प बसली. मला वाटलं, शिकतेय.

आता कोटाबद्दल सांगायला हवं. आमच्या दारामागं खुंटीला एक जुना काळा कोट आहे, वर्गातून घरी आणलेला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलानं तो घालायचा आणि विरुद्ध बाजूनं बोलायचं, असं की समोरचा वकीलही म्हणेल, हेच मला म्हणायचं होतं. कोट अंगात असताना बोललेलं कुणाच्या नावावर धरायचं नाही, हा माझा नियम. त्यामुळं लाजाळू पोरंही कोटात शिरली की पोपटासारखी बोलायची. मी बोलण्यावर दहापैकी गुण द्यायचे. दहापैकी दहा मी आयुष्यात तिघांनाच दिले होते.

गुरुवारी संध्याकाळी मी कोट आधी स्वतः घातला. कंपनीचा सुरक्षा अधिकारी झाले आणि तिच्यावर तुटून पडले. बायकांना उंचीवर घाबरायला होतं, असं म्हटलं. हे माणसावर घसरणं. एक तर तुम्ही खोटं बोलताय नाही तर तुम्हाला डोळे नाहीत, असं म्हटलं. हे दोनच दरवाजे दाखवणं, तिसरा लपवून. म्हणजे तुमच्या मते खुणा हव्यातच कशाला, असं म्हटलं. हे बुजगावणं, ती न बोललेलं वाक्य उभं करून त्याला झोडपणं. प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते तिला पढवलेलं होतं. ती देत होती, पण नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. आवाजात जीव नाही. मी वैतागले. कोट काढला, तिच्या अंगावर टाकला आणि म्हटलं, आता तू कंपनी हो. ऑपरेटरच्या विरुद्ध बोल. मला हरवून दाखव.

ती बराच वेळ कोट हातात धरून उभी होती. मग तिनं तो घातला, दोन्ही बटणं लावली आणि खिडकीकडे बघत बोलायला लागली.

म्हणाली, पावणेपाचला सूर्य थेट केबिनच्या काचेवर असतो. त्या वेळी सहाव्या मजल्याच्या कडेला उभ्या माणसाची नुसती काळी आकृती दिसते, हात दिसत नाही. लोड वीस मिनिटं लटकत होता. खाली काँक्रीटची गाडी थांबलेली, मुकादम शिट्ट्या मारत होता. आकृतीत काहीतरी हललं. तो घाम पुसत असेल, वळत असेल. ऑपरेटरला ती खूण वाटली, कारण ऑपरेटरला ती खूण वाटायला हवी होती. वॉकीटॉकी नाही आणि हात दिसत नाही, तेव्हा थांबायचं असतं. ऑपरेटर थांबली नाही. एवढंच.

माझ्या अंगावर काटा आला, आणि कशामुळं, तर आनंदानं. तीन दिवस कोमट पाण्यासारखं बोलणारी ही बाई अचानक असं बोलली होती, एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, दहापैकी दहा. आणि लगेच वहीत लिहिलंसुद्धा: सर्वांत घातक मुद्दा, पण कंपनी मांडू शकणार नाही, कारण काचेवरचं ऊन केबिनमध्ये बसलेल्यालाच माहीत. खाली दोन रेघा मारल्या.

धाकटीनं कोट काढला, खुंटीला नीट लावला आणि म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, झालं, आता झोप. त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघायला हवं होतं. मी वहीकडे बघत होते.

चौकशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, लांबट, एका भिंतीला फायलींची कपाटं. टेबलाच्या टोकाला परवाना कार्यालयाच्या अधिकारी बाई, चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले. डावीकडे सुरक्षा अधिकारी, इस्त्रीच्या कडक शर्टात. उजवीकडे आम्ही दोघी. दाराजवळ खुर्चीवर सिग्नलमन, पाय समोरच्या स्टुलावर, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. आत आलो तेव्हा त्यानं धाकटीला बघून मान हलवली. तिनं नजर खाली घातली. मला वाटलं, घाबरलीय. टेबलाखाली मी तिचा हात दाबला.

सुरक्षा अधिकारी बोलायला उठला आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यानं मी आदल्या दिवशी केलेलं सगळं केलं. उंची, बाईमाणूस, वय. मी विचारलं, यातला पुरावा कुठला आणि शेरा कुठला? अधिकारी बाईंनी पुढं जायला सांगितलं. मग दोन दरवाजे. मी तिसरा उघडून दाखवला. मग तो म्हणाला, खूण मिळाली होती हे ऑपरेटरनं सिद्ध करावं. मी म्हटलं, आरोप ज्याचा, पुराव्याचं ओझं त्याच्या डोक्यावर. खूण नव्हती हे तुम्ही सिद्ध करा. त्याच्या कपाळावर घाम आला. माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू. त्या बाई माझ्या बोलण्यातला शब्द न् शब्द लिहून घेत होत्या.

मग सिग्नलमनची पाळी. सगळं त्याच्यावर होतं. त्यानं नुसतं म्हटलं असतं की मी हात केला नाही, तर त्याचा शब्द आणि हिचा शब्द, आणि पुढं काय झालं असतं देव जाणे. अधिकारी बाईंनी विचारलं, खूण केली होती का? तो म्हणाला, धडक बसली त्याच्या आधीचं काही आठवत नाही. लोड लटकत होता एवढं आठवतं, मग एकदम दवाखाना. सुरक्षा अधिकाऱ्यानं त्याला तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. तो तेच सांगत राहिला.

मी उभी राहिले. मला दिसत होतं, आता फक्त दुवा त्याच्या हातात द्यायचा. मी अगदी मऊ आवाजात विचारलं, पाच वर्षांत या ऑपरेटरनं तुमच्या खुणेशिवाय कधी लोड हलवला?

"कधीच नाही," तो म्हणाला. "वरच्या ताई तसं करणार नाहीत. बाकीचे करतात. त्या नाही."

"मग त्या दिवशी लोड हलला, याचा अर्थ काय होतो?"

तो विचार करायला लागला. आपला उजवा हात त्यानं मांडीवरून उचलला आणि उलटसुलट करून बघितला. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा आणि त्यानं त्याला न सांगता काहीतरी करून ठेवलं असावं, असं बघत होता. मग म्हणाला, "मीच केली असणार. त्या म्हणतायत तर केलीच असणार. बहुतेक चुकीच्या वेळी केली. माझंच चुकलं म्हणायचं."

असा साक्षीदार मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. विरुद्ध बाजूचा माणूस, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या विरुद्ध, आणि कशाच्या जोरावर, तर हिच्या नावावर असलेल्या विश्वासाच्या जोरावर. मी खाली बसले. अधिकारी बाईंनी चष्मा सारखा केला, कागद पुढं ओढला आणि लिहायला सुरुवात केली. सिग्नलमनचं कार्ड सुरक्षा अधिकाऱ्यानं फायलीतून काढून टेबलावर ठेवलंसुद्धा. त्याला काय, कुणाचं तरी जाणं महत्त्वाचं.

माझ्या शेजारी खुर्ची सरकली. धाकटी उभी होती. तिनं हात आडवा केला, तळवा खाली, आणि तो सावकाश इकडून तिकडे हलवला.

मला क्षणभर कळलंच नाही. दाराजवळचा तो माणूस मात्र मोडक्या पायासकट ताठ झाला. आणि अधिकारी बाईंचं पेन कागदावर थांबलं.

"त्यानं खूण केली नव्हती," धाकटी म्हणाली. "केली असली तरी मला दिसली नव्हती. ऊन डोळ्यांवर होतं. काहीतरी हललं, मी खूण धरली. वॉकीटॉकी तीनपासून बंद होता. मी थांबायला पाहिजे होतं."

मी तिची साडी ओढली. खरंच ओढली, लहान मूल ओढतं तशी. दातांतल्या दातांत म्हटलं, बस खाली. ती बसली नाही. बाईंनी विचारलं, मग फॉर्मवर सही कशी? ती म्हणाली, छापलेलं होतं. बाईंनी सुरक्षा अधिकाऱ्याकडे वळून विचारलं, वॉकीटॉकी बंद असताना काम चालू ठेवायला कुणी सांगितलं? तो कागद चाळायला लागला. त्याचं उत्तर लेखी मागवलं गेलं. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

मी म्हटलं, नाही.

"तुम्ही यांना विचारलं नव्हतं, नक्की काय झालं ते?"

मला उत्तर द्यायचं होतं. उत्तर न देता मी आयुष्यात कुठल्या खोलीतून बाहेर पडले नव्हते. मी तोंड उघडलं. वारा विचारला होता, वजन विचारलं होतं, पट्टा, बॅटरी, मुकादमाचं नावसुद्धा विचारलं होतं. साऱ्या जगाचे दुवे ओढून बघणारी मी, माझ्या स्वतःच्या तर्काचा दुवा एकदाही ओढला नव्हता. मी तोंड मिटलं.

परवाना दोन वर्षांसाठी काढून घेतला. नंतर पुन्हा लेखी, पुन्हा प्रत्यक्ष, पहिल्यापासून. धाकटीनं ब्लाउजमधल्या पाकिटातून कार्ड काढलं, पदराच्या टोकानं पुसलं आणि टेबलावर ठेवलं. सिग्नलमनचं कार्ड त्याला परत मिळालं. ते त्यानं हातात घेतलं नाही, खुर्चीच्या दांड्यावरच राहू दिलं. आम्ही त्याच्या शेजारून गेलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, कशाला?" धाकटीनं त्याच्या कुबड्या त्याच्या हाताला येतील अशा जवळ सरकवल्या आणि बाहेर पडली.

जिन्यात मला राग आवरेना. तिच्यावर, त्या बाईंवर, त्या चांगल्या माणसावर, सगळ्यांवर. नऊ वर्षं, ती शिडी, ती केबिन, सगळं हातातून गेलं होतं, आणि कशानं, तर एका वाक्यानं जे मला तीन दिवस आधी कळलं असतं तर मी वेगळं काहीतरी बांधलं असतं. तसं मी म्हटलंही. हो, त्याही क्षणी माझ्या तोंडून बांधलं असतं हाच शब्द निघाला. ती दोन पायऱ्या खाली होती. ती थांबली.

मी ओरडलेच. "अगं, पण मला आधी सांगायचं नाहीस?"

तिनं वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"काल सांगितलं की," ती म्हणाली. "तू दहापैकी दहा दिलेस."